खालची सोडावी

विश्राम, तू लिहिलेले दोन शब्द मला कळलेले नाहीत. तू जाऊन आज अठरा दिवस झाले आणि हे दोन शब्द मी इतक्यांना दाखवले की कार्यालयातले लोक आता मला बघून टेबलावरून उठतात. शब्द सोपे आहेत, अक्षर तुझंच आहे, लाल पेन्सिलीचं. नकाशाच्या उजव्या समासात, तुझ्याच वाडीच्या शेजारी: ‘खालची सोडावी.’ खाली सही. बास.

एरवी तुला गप्प करायला चहा पाजावा लागायचा. आयुष्यभर एस.टी. स्टँडवरच्या कर्ण्यातून ओरडलास आणि नेमकं जेव्हा चार ओळी लिहायच्या होत्या तेव्हा दोन शब्दांत उरकलंस. मी चिडून लिहितोय हे तुला दिसत असेल. रडून झालं आहे, आता चिडतो आहे.

तुझ्या-माझ्यात शब्दांचा घोळ पहिल्या दिवसापासूनचा. मी नुकताच घाटावरून बदलून आलेलो, हातात ट्रंक, कुठल्याशा गाडीची वाट बघत स्टँडवर उभा. तू कर्ण्यातून सांगितलंस, गाडी सड्यावर अडकली आहे, प्रवाशांनी वाट बघावी. आमच्याकडे सडा म्हणजे बायका सकाळी दारात शेणपाण्याचा घालतात तो. मला वाटलं, कुणाच्या तरी अंगणात गाडी घसरली. मी तुझ्या खिडकीशी येऊन विचारलं, ‘एवढा सडा कुणी घातला?’ तू आधी माझ्याकडे बघितलंस, मग कर्णा बंद केलास आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास. सडा म्हणजे तुमच्याकडचं जांभ्याचं उघडं पठार, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून तुझ्या तोंडी माझं नाव सडासंमार्जन. पुढे मी इथल्या नगररचनेच्या चार टेबलांच्या कार्यालयात इंजिनियर म्हणून बसलो, शिपाई मला साहेब म्हणू लागला, पण तुझी हाक बदलली नाही. मी सहा महिने ‘विश्रामभाऊ, तुम्ही’ म्हणत होतो. एक दिवस तूच म्हणालास, ‘अहोजाहो बंद कर, नायतर चहा बंद.’ मी अहोजाहो बंद केलं.

त्या चहावरच सगळं सुरू झालं. कुठल्यातरी सरकारी मासिकात मी वाचलं होतं की परदेशात काही शहरांत फक्त बससाठी वेगळा रस्ता ठेवतात. दुसरं कुठलंही वाहन त्यावर जात नाही. मी हे सहज म्हणून सांगितलं आणि तू कप खाली ठेवलास. स्टँडवरून बंदराकडे जाणारी गाडी बाजारात शिरली की तिचं काय होतं ते तू रोज बघत होतास. मासळीचे टेंपो, चिऱ्यांच्या बैलगाड्या, रिक्षा, आणि लग्नसराईत वरातही. ‘मी गाडी येळेवर सोडतो आणि बाजार तिला धरून ठेवतो,’ तू म्हणालास. ‘असा रस्ता आपल्याकडे का नाय होनार?’

मी म्हणालो, होणार नाही. तू म्हणालास, होणार. त्यानंतर दोन वर्षं तू माझं डोकं खाल्लंस. मी वरच्यांना लिहीत राहिलो आणि एक दिवस चक्क उत्तर आलं: आखणी करून पाठवा. गावात बातमी पसरली तेव्हा बाजारातले एक दुकानदार म्हणाले, ‘रेल्वे येनार येनार ऐकत म्हातारा झालो, आता गाडीला सोवळ्यातला रस्ता!’ मला राग आला. तुला मात्र ते नाव इतकं आवडलं की तू ते सगळ्यांना सांगत सुटलास. सोवळ्यातला रस्ता. कुणी शिवायचं नाही, फक्त गाडीने जायचं.

मग आपण दोघांनी दोन्ही बाजू पायी पालथ्या घातल्या, रविवारी रविवारी. वरची आखणी सड्यावरून. सरळ, उघडी, स्वस्त, वाटेत एक घर नाही. खालची आखणी खाडीच्या कडेने, माडांतून, वाड्यावाड्यांतून. माझा जीव वरच्या आखणीत. इंजिनियरला सरळ रेघ दिसली की बरं वाटतं, त्यात मी सपाटीवरचा माणूस. तू एकदा नकाशावर बोट ठेवून म्हणालास, ‘जिथे कागद पांढरा दिसतो तिथे तू रस्ता काढतोस. तुज्या रस्त्यावर चढनार कोण, सड्यावरचे दगड?’ मी म्हणालो, खालच्या लोकांनी घाटी चढून वर यावं, शंभरएक पायऱ्या तर आहेत. त्यावर तू तुमच्या वाडीतून सड्यावर जाणारी ती उभी दगडी पायवाट मला उतरवलीस आणि मधेच माझा पाय सरकल्यावर हसून म्हणालास, ‘घाट्याला घाटी उतरता येत नाय.’

तू सतत खालच्या बाजूने भांडलास. मुंबईत गिरण्यांचा संप झाला तेव्हापासून तुमच्या वाडीत परतलेले लोक होते. कुणी बाजारात हमाली करतो, कुणाची बायको मासळी घेऊन जाते. त्यांच्या दारात गाडी आली पाहिजे, हे तू इतक्यांदा म्हणालास की मला पाठ झालं. आणि मग खालच्या आखणीचा पक्का नकाशा झाला. अमोनियाचा वास येणारी ताजी प्रत मी तुला टेबलावर पसरून दाखवली. रस्ता तुझ्या घरावरून जात होता. घरावरून म्हणजे अंगण पूर्ण आणि पडवी अर्धी.

मी रेघ हलवून बघितली होती, विश्राम. हे तुला सांगायचं राहून गेलं. खाडीच्या बाजूला सरकवली तर भराव घालावा लागतो आणि तो पहिल्या पावसाळ्यात जाईल. डोंगराच्या बाजूला सरकवली तर तुझ्या शेजाऱ्याची विहीर आणि त्याने गिरणीच्या पैशांतून बांधलेली एकुलती एक खोली जाते. मी तीन संध्याकाळी त्या कागदावर घालवल्या. तुझ्याकडे आलो तेव्हा माझ्याकडे दुसरी रेघ नव्हती.

तू रेघेवरून बोट फिरवलंस. मग म्हणालास, ‘ठेवून जा. वाहतुकीच्या बाजूने अभिप्राय लिहून देतो.’ एवढंच. कुठल्याही बाजूने भांडला नाहीस. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. मी स्टँडवर आलो की तू फेऱ्यांच्या कागदात डोकं घालायचास. सहाव्या दिवशी मी तुझ्या खिडकीशी उभा राहून बोललो. काय बोललो ते तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, ‘दुसऱ्याच्या अंगणातून गाडी नेताना तोंड चालत होतं. आता तुझ्या अंगणातून निघाली तर वाचा बसली?’

मागे प्रवासी उभे होते. त्यांनी ऐकलं. तू माझ्याकडे बघितलंस, कर्णा ओढलास आणि कुठल्याशा गाडीची घोषणा केलीस. ती गाडी आधीच लागलेली होती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी साइटवरून परत आलो तर नकाशा टेबलावर गुंडाळून ठेवलेला. तू स्वतः येऊन ठेवून गेलास असं शिपाई म्हणाला. उघडला. खालची सोडावी. मला त्या क्षणी एकच अर्थ दिसला. खालची आखणी सोडून द्यावी, वगळावी. खरं सांगतो, मला बरं वाटलं. शेवटी माणूसच, असं मनात आलं. मी जिंकलो असंही आलं. त्याच संध्याकाळी तुझ्याकडे येणार होतो, पण म्हटलं, आज नको, जरा जिरू दे. उद्या जाऊ, चहा पाजू, दोन शिव्या देऊ आणि मिटवून टाकू.

त्या उद्याच्या दुपारी तू जेवायला घरी गेलास, पडवीत आडवा झालास आणि उठला नाहीस.

दहाव्याच्या सुमारास मी स्टँडवर गेलो होतो. कामाला नाही, उगाच. तुझ्या खुर्चीवर नवा माणूस होता. एका ड्रायव्हरने लांबून ओरडून विचारलं, ‘खालची सोडली काय?’ आणि नवा माणूस म्हणाला, ‘सोडली, दहा मिनटां झाली.’ खालची म्हणजे बाजारातून खाली बंदराकडे जाणारी गाडी. सोडली म्हणजे रवाना केली. माझ्या हातात चहा होता, तो तसाच राहिला. वीस वर्षं तू ह्याच अर्थाने हा शब्द लिहीत होतास. पहाटेची सोडली, दुपारची सोडली, जादा सोडली. तुझ्या शेऱ्यातली खालची ही माझी आखणी नसून तुझी गाडी असेल तर? खालची गाडी सोडावी. म्हणजे चालू करावी. म्हणजे माझं अंगण घ्या.

मी त्या ड्रायव्हरला नकाशाच दाखवला. तो म्हणाला, ‘सोडावी म्हंजे सोडावी ओ साहेब. त्यात काय इचारायचां?’

‘म्हणजे चालू करावी?’

‘मग काय बंद? बंद करायची त्याला रद्द लिवतात. विश्रामभाऊंनी रद्द लिवला असता.’

मी धावत कार्यालयात आलो. आमच्या आरेखकांनी चष्मा लावून शेरा वाचला आणि सांगितलं, ‘आखणी सोडावी म्हणजे वगळावी. आपण प्रत्येक फायलीत असंच लिहितो. अभिप्राय आखणीवर मागितला होता, गाडीवर नाही.’ हेही बरोबर. शिवाय तू रोज माझ्याबरोबर बसून आमची भाषा शिकला होतास. आखणीला ‘संरेखन’ हा आमचा शब्द तू एकदा मलाच फेकून मारला होतास. मग तू कुणाच्या भाषेत लिहिलंस? तुझ्या की माझ्या? इतकी वर्षं मी तुझे शब्द शिकत होतो आणि तू माझे, आणि आता त्याचा हा उपयोग.

एक अर्थ घेतला तर तू माझ्या टोमण्याला उत्तर म्हणून स्वतःचं घर दिलंस. दुसरा घेतला तर घाबरलास आणि घर वाचवलंस, जसं मीही वाचवलं असतं. कधी सकाळी मला पहिला अर्थ पटतो आणि माझी मान खाली जाते. दुपारी दुसरा पटतो आणि तुझी कीव येते, मग कीव आल्याची लाज वाटते. महिनाअखेर आखणी मुंबईला पाठवायची आहे. शिफारस मला करायची आहे. वर किंवा खाली. आणि मला वाटत होतं, तू लिहून दिलं आहेस तर तुझ्या शब्दाप्रमाणे करू, म्हणजे प्रश्न मिटला.

तेराव्याला तुझ्याकडे आलो. जेवणं झाल्यावर तुझी आत्ये परत निघाली. सड्यापलीकडच्या गावातली, काठी टेकत आलेली म्हातारी. तिला वरच्या गाडीवर पोचवायला मी बरोबर गेलो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. त्या घाटीत ती तीन वेळा बसली. दुसऱ्या वेळी मला म्हणाली, ‘येताना कशी आले तां मलाच ठावूक नाय. विश्रामसाठी आले. आता कोनासाठी येनार?’ आम्ही वर पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती. पुढची तासाभराने. ती सड्यावर उन्हात, दगडावर, पदर डोक्यावर घेऊन बसून राहिली आणि मी तिच्याजवळ छत्री धरून उभा राहिलो. शंभरएक पायऱ्या तर आहेत, हे मीच म्हणालो होतो.

तिला गाडीत बसवून मी परत खाली उतरलो. पाहुणे पांगले होते. वहिनी पडवीत एकट्या होत्या. मी नकाशा उलगडला आणि दोन शब्द वाचून दाखवले. वहिनींना वाचता येतं, तरी मी वाचून दाखवले. मग विचारलं, ह्याचा अर्थ काय असेल?

त्यांनी नकाशाची कड सरळ केली. मग म्हणाल्या, ‘मला काय बोलले नाय. चार दिवस अंगणात पावलां मोजीत होते. हिकडून तिकडे, तिकडून हिकडे. मी म्हटलां, काय हरवलां? तर म्हणाले, तुळस मागल्या दारी हलवूया काय. मी म्हटलां, नाय.’

‘का हलवायची ते सांगितलं नाही?’

‘नाय. मी पण नाय इचारला. मी नुसता नाय म्हटलां.’ त्यांनी तुळशीकडे बघितलं. ‘आता मला पण तांच पडलाय बघा. मी नाय म्हटलां म्हणून त्यांनी काय लिवलानी?’

म्हणजे त्यांच्याही गळ्यात हा शब्द अडकला होता आणि मी तो आणखी आत ढकलला. तू तुळस हलवायला निघालास म्हणजे घर द्यायला निघालास. त्या नाही म्हणाल्या म्हणजे बेत बदललास. किंवा नाही म्हणाल्या तरी बदलला नाहीस. मी तिथे बसून हे सगळं मोठ्याने बोललो, विश्राम, तुझ्या तेराव्याच्या दिवशी, तुझ्या बायकोसमोर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘भावोजी, तुमी काय तां ठरवा. पण त्यांच्या नावावर घालू नका. गेलेल्या माणसाला साक्षीला उभा करू नये.’

माझ्या तोंडातून निघालं, ‘मग तुम्हाला काय हवं, वहिनी?’

‘इचारलात तां बरां केलात. कोनी इचारला नव्हता,’ त्या म्हणाल्या. ‘मला गाडी पण हवी आणि घर पण हवां. आता काय लिवाल?’

मी नकाशा गुंडाळला.

काल मी शिफारस लिहिली. खालची. शब्द जपून वापरले. सोडावी कुठेही लिहिलं नाही, ‘खालच्या बाजूने रस्ता करावा’ असं लिहिलं, म्हणजे मी उद्या मेलो तर कुणाला चहा थंड करावा लागू नये. कारण म्हणून म्हातारी लिहिली. अर्थात तिचं नाव नाही, ‘वयोवृद्ध प्रवाशांची गैरसोय’ असं. तुझा शेरा असलेली प्रत जोडली नाही, नवी काढून लावली. सही माझी, नाव माझं. तू बरोबर म्हणत होतास, माझा कागद पांढरा होता. एवढं कबूल करायला तू समोर हवा होतास, म्हणजे पुढचे सहा महिने मला छळलं असतंस आणि मला ते चाललं असतं.

खिडकीशी जे बोललो ते चुकलं. ते चुकलं हे मला त्याच क्षणी कळलं होतं, तुझ्या त्या घोषणेवरून. मागे फिरून दोन शब्द बोललो असतो तर आज हा कागद उलटासुलटा करत बसलो नसतो. तुझ्यामुळे मला हा गाव कळला, सडा कळला, घाटी चढून येणाऱ्या माणसाला धाप लागते हे कळलं, आणि त्याबद्दल तुला कधी काही म्हणालो नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती. चहाचे पैसे तू देऊ द्यायचा नाहीस आणि मीही फार आग्रह करायचो नाही.

आज सकाळी वहिनींना सांगायला गेलो. कागद जाण्याआधी त्यांना कळायला हवं होतं. दारातूनच सांगितलं, आत जायचा धीर नव्हता. खालची ठरली. पडवी जाईल. सरकार मोबदला देईल, जागा दाखवील, मी स्वतः बघेन. मी भराभर बोलत होतो. त्या अंगण झाडत होत्या, केरसुणी थांबली. मला वाटलं, आता शाप देतील किंवा रडतील. त्यांनी तुझ्याबद्दल काही विचारलं नाही, मोबदल्याबद्दल काही विचारलं नाही.

‘वर्षश्राद्ध ह्याच पडवीत होईल ना?’ म्हणाल्या.

मी हो म्हणालो. विश्राम, मला तेही ठाऊक नाही.